सकाळचा ताठा आणि संध्याकाळची शरणागती

अमूर्त चित्रे काढणाऱ्या मंडळींची एक तक्रार आपल्याकडे आता इतकी जुनी झाली आहे की, तिचे पहिले वाक्य कानी पडताच पुढचे वाक्य ऐकणाऱ्यासच पाठ म्हणता यावे. लोकांस चित्र कळत नाही, टीकाकारांस दृष्टी नाही, आणि गिऱ्हाइकास दिवाणखान्यातील पडद्यांशी जुळेल असे काहीतरी पाहिजे असते. सबब चित्रकार हा उपेक्षित आणि गांजलेला प्राणी आहे, असा या तक्रारीचा सारांश. तीत सत्याचा अंश नाही असे आम्ही म्हणत नाही. तो आहे, आणि त्याबद्दल आमच्या सुशिक्षित मध्यमवर्गास जे चार शब्द ऐकवावयाचे तेही आम्ही पुढे ऐकविणार आहो. तथापि आमचे मुख्य भांडण आज चित्रकारांशी आहे. आमचे म्हणणे असे की, अमूर्त चित्रकाराची जी हानी होते तिच्यातील मोठा वाटा त्याच्या स्वतःच्याच वर्तनाचा असतो. जेथे त्याने नम्र व्हावे तेथे तो ताठतो, आणि जेथे ताठ उभे राहावे तेथे तो लोटांगण घालितो. प्रश्न विचारणाऱ्यास तो तुच्छ लेखितो आणि पैसे देणाऱ्याच्या इच्छेखातर चित्र बदलून देतो. वास्तविक हे नेमके उलट व्हावयास पाहिजे.

विधान कडक आहे हे आम्ही जाणतो. म्हणून ते कोणत्या अनुभवावरून केले हे आधी सांगणे प्राप्त आहे.

छत्रपती संभाजीनगर शहराच्या पूर्वेस, जालना रस्त्यावर चिकलठाणा आहे. मूळचे हे एक खेडे. शहराचे नाव औरंगाबाद होते त्या काळातच विमानतळाने आणि औद्योगिक वसाहतीने त्याचे रूप पालटून टाकिले. अजिंठा-वेरूळ पाहावयास येणारा पाहुणा विमानातून येथे उतरतो, आणि लेथवर उभा राहणारा कारागीरही सकाळच्या पाळीला येथेच हजर होतो. या वसाहतीतील कित्येक लहानमोठ्या कारखानदारांनी स्वतः यंत्रावर हात काळे करून धंदा उभा केलेला आहे; आणि धंदा उभा राहिला म्हणजे कचेरीच्या दर्शनी दालनात काहीतरी शोभिवंत असावे असे कोणासही वाटू लागते. देवाची तसबीर तर असतेच. तिच्या समोरच्या भिंतीवर हल्ली कोठे कोठे अमूर्त चित्र लावण्याची चाल पडली आहे.

अशाच एका कचेरीत दुसऱ्याच कामाकरिता गेलो असता आम्हांस बराच वेळ बसावे लागले. शहरातील एक तरुण चित्रकार सांगून करविलेले चित्र घेऊन आला होता. सहा फूट रुंद, चार फूट उंच कॅनव्हास. गर्द निळ्यावर निळ्याचेच थर, आणि खालच्या अंगास राखी रंगाची एक अरुंद पट्टी. चित्र चांगले होते. आम्ही काही मोठे पारखी नव्हे. पण पाव तास त्याजकडे पाहत राहिलो तरी डोळा कंटाळला नाही, एवढी साक्ष देऊ शकतो. इतक्यात मालक बाहेर आले. साठीच्या आसपासचे गृहस्थ, टूलरूममधील साध्या नोकरीपासून वर चढलेले. त्यांनी चित्र जवळून पाहिले, दुरून पाहिले, आणि विचारले, “आमच्याकडे जॉब पुरा झाला की नाही, हे मायक्रोमीटर सांगतो. तुमचं चित्र पुरं झालं, हे तुम्हाला कोण सांगतं?”

हा प्रश्न आम्ही घरी आल्यावर टिपून ठेविला. अमूर्त चित्रासंबंधाने जे प्रश्न विचारता येतील त्यांत याहून मर्माचा प्रश्न आमच्या तरी ऐकिवात नाही. परंतु आमचा तरुण मित्र हसला व म्हणाला, “साहेब, हे ॲबस्ट्रॅक्ट आहे. हे समजावून सांगता येत नाही. ज्याचं त्याला जाणवावं लागतं.” शब्दांपेक्षा स्वर अधिक बोलका होता, आपणांस काही ते जाणवावयाचे नाही, असे त्या स्वराने स्पष्ट सांगितले. मालक गप्प झाले. मग त्यांनी जो विषय काढिला तो रंगाचा. निळे फार झाले आहे. कंपनीच्या चिन्हातील नारिंगी त्यात कोठेतरी यावा. हिशेबनिसाने चौरस फुटास काय दर पडला ते विचारिले. विसार किती, बाकी रक्कम केव्हा द्यावयाची, बदल करावयाचा झाल्यास तो कोणाच्या संमतीने, यासंबंधी एक अक्षरही कोठे लिहिलेले नव्हते. सकाळी ताठ मानेने आलेला तो तरुण दुपारी “बघतो, साहेब” या शब्दांवर आला आणि संध्याकाळी चित्र टेंपोत घालून घरी घेऊन गेला. आठ दिवसांनी आम्ही पुन्हा त्या कचेरीत गेलो तेव्हा चित्र भिंतीवर लागलेले होते, आणि राखी पट्टीच्या जागी नारिंगी पट्टी आलेली होती.

आता या प्रसंगात दोष कोणाचा? चित्रकारांच्या कोणत्याही बैठकीत ही हकीकत सांगा. एकमुखाने कारखानदाराच्या नावाने खडे फोडण्यात येतील. आम्हांस ते मान्य नाही. त्या गृहस्थांनी प्रथम जे विचारिले ते रंगाविषयी नव्हते, दराविषयी नव्हते. चित्राच्या मर्माविषयी होते. त्या दारातून त्यांना आत घेतले असते तर कदाचित नारिंगीची आठवणही त्यांना झाली नसती. दार बंद झाले तेव्हा ते आपल्या ओळखीच्या वाटेने गेले. ज्यास चित्रात शिरू दिले जात नाही तो चित्राच्या मोजमापात शिरतो. कारण माप, दर आणि रंग या गोष्टी त्यास निश्चित कळतात. हटवादी म्हणून ज्या गिऱ्हाइकाची निंदा होते तो पुष्कळ वेळा असाच, पहिल्या प्रश्नास उत्तर न मिळालेला मनुष्य असतो.

यावर कोणी म्हणेल की, अमूर्त चित्राचा अर्थ विचारणे हाच मुळी अडाणीपणा आहे, आणि अडाणीपणास उत्तर देत बसणे हे कलावंताचे काम नव्हे. या आक्षेपाचा पूर्वार्ध आम्ही बऱ्याच अंशी कबूल करितो, आणि येथेच आमच्या वाचकवर्गास चार शब्द ऐकविण्याचे आम्ही योजिले होते. प्रदर्शनात अमूर्त चित्रासमोर उभे राहून “हे तर आमच्या बंड्यानेही काढले असते” असे म्हणणारे गृहस्थ रात्री गाण्याच्या बैठकीस जातात आणि दीड तास ख्याल ऐकून डोळे पुसत घरी येतात. आलापाचा अर्थ काय, तराण्यातील अक्षरांचा कोश कोठे मिळेल, असे त्यांनी कधी विचारिले आहे काय? चित्राच्याच बाबतीत बोलावयाचे तर याच शहरात बीबी का मकबरा आहे. त्याच्या आत कबरीभोवती संगमरवराची अष्टकोनी जाळी आहे. सतराव्या शतकापासून लोक ती पाहत आले आहेत. परंतु या जाळीत काय दाखविले आहे, असे विचारणारा प्रवासी आम्हांस अद्याप भेटलेला नाही. ती पाहून लोक निमूट होतात आणि तेवढे त्यांस पुरते. याच शहराचे नाव ज्या हिमरू विणकामाने दूरवर नेले त्याच्या नक्षीत डोळ्यास जे सुख होते त्यासाठी कोणी कथानक मागत नाही. मग चौकटीत घातलेल्या रंगानेच काय असा अपराध केला की त्याला सूर्यास्त, स्त्री किंवा देऊळ यांपैकी एकाची जामिनकी आणावी लागावी? सारांश, अमूर्ताची सवय आपणांस नाही हे खरे नव्हे; चित्र म्हटले की ती सवय आपण बाहेर जोड्यांपाशी ठेवून येतो, एवढेच.

परंतु आक्षेपाचा उत्तरार्ध आम्हांस सर्वथा अमान्य आहे. आमच्या मध्यमवर्गाचा कान जो तयार झाला तो काही जन्मतः तयार नव्हता. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी घरंदाज कुटुंबात गाण्याचे नाव काढणे हेही कमीपणाचे मानले जात असे. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढिले आणि पुढे ठिकठिकाणी शिष्य पाठविले. विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्याघराण्यांतील चिजा जमवून, त्यांचे स्वरलेखन करून, थाटांची मांडणी सांगणारे ग्रंथ लिहिले. या दोघांच्या पद्धतीविषयी मतभेद असतील, आहेतही. पण श्रोत्यास “तुला हे जाणवावयाचे नाही” असे सांगून त्यांनी त्यास वाटेस लाविले नाही. त्यांनी श्रोता घडविला. आज ख्यालाच्या बैठकीस जी दाद मिळते तिच्या मुळाशी हे कष्ट आहेत. अमूर्त चित्रकार ती दाद मागतो, कष्ट मात्र मागत नाही. आमची तक्रार ती हीच.

चित्रकारांनी हे काम मुळीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रभाकर बरवे यांनी आपल्या चिंतनाचे ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक मराठीत लिहिले व ते 1990 साली प्रसिद्ध झाले. चित्र काढणाऱ्याच्या मनात आकार कसा येतो, हे ते साध्या भाषेत सांगतात. जे. जे. कलाशाळेत शंकर पळशीकरांपाशी शिकलेले व पुढे तेथेच शिकविलेले प्रभाकर कोलते हे स्वतः अमूर्त चित्रकार असून चित्रकलेवर मराठीतून लिहीत आले आहेत. या दोघांची चित्रे त्यामुळे उथळ झाली, असे कोणी म्हणू शकेल काय? जो बोलतो त्याचे गूढ उडून जाते ही भीती ज्यांचे गूढ उसने असते त्यांनाच असते.

या ठिकाणी वासुदेव गायतोंडे यांचे नाव आमच्या तोंडावर फेकण्यात येईल हे आम्ही जाणतो. गायतोंडे अबोल होते, प्रदर्शनांच्या गर्दीपासून दूर राहत, आपल्या चित्रांचा खुलासा करीत बसत नसत; तेव्हा मौन हाच थोर चित्रकाराचा धर्म, असा युक्तिवाद आम्ही अनेक तरुणांच्या तोंडून ऐकिला आहे. या तरुणांस आमची विनंती अशी की, गायतोंड्यांचे मौन घेण्यापूर्वी त्यांचे बाकीचे आयुष्यही घ्यावे. 1924 साली नागपुरास जन्मलेला हा गोमंतकीय कुटुंबातील मनुष्य 1948 साली जे. जे. ची पदविका घेऊन बाहेर पडला. त्यांनी आरंभी मनुष्याकृती काढिल्या, लघुचित्रांचा अभ्यास केला, पॉल क्लेच्या चित्रांपासून घेण्यासारखे होते ते घेतले. आणि मग एकेक गोष्ट सोडीत ते त्या स्तब्ध रंगपटलापर्यंत पोहोचले. ‘अमूर्त’ हा शब्दही त्यांना आपल्या चित्रांकरिता पसंत नव्हता. रोलरने आणि पॅलेट नाईफने रंग चढवावा, उतरवावा, वाट पाहावी, अशी त्यांची रीत. वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच चित्रे पुरी होत. 1972 पासून पुढे दिल्लीस निजामुद्दीन भागात लहानशा जागेत त्यांनी दिवस काढिले आणि 2001 साली त्यांचे निधन झाले. 2013 साली मुंबईच्या लिलावात त्यांच्या एका चित्रास 23 कोटी 70 लाख रुपये आले, 2014 साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन मांडण्यात आले. यांपैकी काहीही पाहावयास ते हयात नव्हते. असे मौन धारण करणाऱ्यास आम्ही हात जोडू. पण जो गिऱ्हाइकाच्या प्रश्नापुढे गायतोंडे होतो आणि धनादेशापुढे रंगारी होतो, त्याच्या मौनास मौन म्हणता येणार नाही. उत्तर नसल्याचे ते लक्षण आहे.

टीका कशी ऐकावी याचा एक दाखला मात्र प्रत्येक तरुण चित्रकाराने जवळ बाळगण्यासारखा आहे. 1948 साली सय्यद हैदर रझा काश्मीरात चित्रे काढीत होते. तेव्हा ते मुंबईच्या चित्रकारांत नावाजलेले होते. आदल्याच वर्षी स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह मंडळाचे ते एक संस्थापक. तेथे त्यांची गाठ आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच गृहस्थांशी पडली. त्यांनी चित्रे पाहून सांगितले की, तुमच्यापाशी गुण आहे, पण चित्रांत बांधणी नाही. सेझानचा अभ्यास करा. कार्तिए-ब्रेसाँ यांची ख्याती छायाचित्रकार म्हणून. छायाचित्रे काढणाऱ्यास रंगातले काय कळते, असे म्हणून रझा तेथून उठले असते तर कोणी त्यांस दोष दिला नसता. त्यांनी तसे केले नाही. ते मुंबईस परतून फ्रेंच शिकू लागले, शिष्यवृत्ती मिळविली आणि 1950 साली पॅरिसला गेले. पुढे ‘बिंदू’पर्यंत त्यांचा जो प्रवास झाला त्यात बांधणी हाच प्राण आहे, हे ज्याने ती चित्रे पाहिली आहेत त्यास सांगावयास नको. एका वाक्याच्या टीकेचे एवढे मोठे उत्तर त्यांनी दिले, आणि ते तोंडाने दिले नाही.

उलट प्रकारचा दाखला इंग्लंडातील. 1877 साली रस्किन या त्या काळच्या सर्वांत वजनदार टीकाकाराने व्हिस्लरच्या एका चित्रावर अत्यंत झोंबरा अभिप्राय छापिला. रात्रीच्या काळोखात उडणाऱ्या दारूकामाचे ते चित्र. आकार जवळजवळ विरून गेलेले, म्हणून आजच्या अमूर्त चित्राच्या पूर्वजांत त्याची गणना होते. किंमत दोनशे गिनी. व्हिस्लरने अब्रूनुकसानीची फिर्याद केली. दोन दिवसांच्या कामाचे दोनशे गिनी मागता काय, असे उलटतपासणीत विचारिले असता, हे मोल दोन दिवसांच्या श्रमांचे नसून जन्मभर मिळविलेल्या ज्ञानाचे आहे, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. चौरस फुटाचा दर विचारणाऱ्या हिशेबनिसास यापेक्षा चांगले उत्तर आजवर कोणी दिलेले नाही. खटला व्हिस्लरने जिंकला. नुकसानभरपाई किती मिळाली? एक फार्दिंग, म्हणजे त्या देशातील सर्वांत लहान नाण्यांपैकी एक. आणि खर्च ज्याचा त्याने सोसावा असा निकाल झाला. दुसऱ्या वर्षी व्हिस्लरचे दिवाळे निघाले. उत्तर सोन्याचे होते, फिर्याद मातीची. टीकेस उत्तर द्यावे. टीकाकारास शासन व्हावे ही इच्छा धरू नये.

आता गिऱ्हाइकाकडे वळू. येथेही व्हिस्लरच उपयोगी पडतो, कारण गिऱ्हाइकाशी भांडताना चित्रकार स्वतः किती चुकू शकतो हे त्याने दाखवून ठेविले आहे. लेलंड नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्याच्या भोजनगृहात थोडीशी रंगदुरुस्ती करावयाचे त्याने पत्करिले. मालक परगावी असताना त्याने अवघी खोली मोरांनी आणि सोनेरी-निळ्या रंगाने भरून टाकिली आणि दोन हजार गिनी मागितल्या. लेलंडने निम्मी रक्कम देऊ केली, आणि तीही गिनीत न देता पौंडांत दिली. गिनीचे शिलिंग एकवीस, पौंडाचे वीस; कलावंताचे बिल गिनीत आणि कारागिराचे पौंडात चुकविण्याचा तेथील शिरस्ता असल्यामुळे हा अपमान मुद्दाम केलेला होता. व्हिस्लरने भिंतीवर नाण्यांवरून भांडणारे दोन मोर रंगवून सूड उगविला. ती खोली आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे आणि सुंदर आहे. परंतु हा सारा तमाशा ज्यामुळे झाला ती गोष्ट अगदी साधी होती. किती काम, किती मोल, आणि बदल कोणाच्या परवानगीने, हे आधी ठरलेले नव्हते. चिकलठाण्यातही नेमके तेच झाले. फरक इतकाच की तेथे चित्रकाराने मालकाची खोली बिघडविली नाही, स्वतःचे चित्र बिघडविले.

याच्या शेजारी मार्क रॉथकोचे उदाहरण ठेवून पाहावे. 1958 साली न्यूयॉर्कमधील एका अत्यंत महागड्या भोजनगृहासाठी भित्तिचित्रे करण्याचे काम त्याला मिळाले. मोबदला पस्तीस हजार डॉलर, त्या काळी फारच मोठा. त्याने चित्रे केली. मग एकदा तेथे जेवून आल्यावर त्याची खात्री झाली की ही जागा आपल्या चित्रांची नव्हे, आणि त्याने घेतलेले पैसे परत करून चित्रे काढून घेतली. त्यांपैकी काही आज लंडनच्या टेट संग्रहालयात एका खोलीत एकत्र लाविलेली आहेत. येथे गिऱ्हाइकाची निंदा नाही, रडगाणे नाही. चित्र न बदलता पैसे परत केले, संपले. ज्यास विसार परत करण्याची तयारी ठेविता येत नाही त्याने तो घेऊच नये, हा व्यवहाराचा पहिला धडा त्यातून मिळतो.

दुसरा धडा कायद्याचा आहे, आणि आमच्या चित्रकारांपैकी किती जणांनी तो वाचिला असेल याची आम्हांस शंका आहे. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 17 व्या कलमाप्रमाणे, मोबदला देऊन कोणी सांगून करविलेल्या चित्राचा पहिला कॉपीराइट, उलट करार नसेल तर, काम सांगणाऱ्याकडे जातो. म्हणजे कागद न करता काम घेणारा चित्रकार कॅनव्हासाबरोबर त्याच्या प्रती काढण्याचा हक्कही देऊन बसतो, आणि उद्या तेच निळे चित्र कंपनीच्या दिनदर्शिकेवर छापून आले तर त्यास बोलावयास जागा उरत नाही. परंतु त्याच कायद्याचे 57 वे कलम असे सांगते की, कॉपीराइट दिल्यावरही कलाकृतीचा विपर्यास किंवा मोडतोड करून कर्त्याच्या लौकिकास बाध आणणाऱ्यास तो हरकत घेऊ शकतो. हे कलम केवळ पुस्तकात निजलेले नाही. दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सेहगल यांचे काशाचे भव्य भित्तिशिल्प 1979 साली काढून गोदामात टाकण्यात आले. गिऱ्हाईक म्हणजे प्रत्यक्ष भारत सरकार. सेहगल न्यायालयात गेले, आणि 2005 साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांस परत देवविले व पाच लाख रुपये भरपाई ठरविली. ज्या कलमाने शिल्पकारास सरकारविरुद्ध उभे केले त्याचा आधार आमच्या तरुणास एका नारिंगी पट्टीविरुद्ध घेता आला नाही. कारण ती पट्टी मालकाने ओढिली नव्हती. स्वतःच्या हाताने केलेल्या विटंबनेवर कोणतेही कलम चालत नाही.

आता शेवटचा आणि सर्वांत खरा आक्षेप. “हे सगळे तुम्हांस बोलावयास सोपे आहे, पोट कोणी भरावयाचे?” या प्रश्नाची थट्टा करण्याचा आम्हांस अधिकार नाही. मराठवाड्यातील मुलगा कला महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडतो तेव्हा घरी कोणी दुष्काळाचे कर्ज फेडीत असते, कोणाची बहीण लग्नाची असते. अशा मुलाने पैसे परत करून चित्र खांद्यावर घालून घरी यावे, असा उपदेश करणे निर्दयपणाचे होईल. परंतु पोट आणि चित्र ही वेगळी ठेविता येतात हे आमच्याच माणसांनी करून दाखविले आहे. बरवे अनेक वर्षे विणकर सेवा केंद्रात, म्हणजे हातमागाच्या कापडासाठी नमुने तयार करण्याच्या सरकारी खात्यात, नोकरीस होते. बनारसेस व मुंबईस त्यांनी ते काम केले. अकोल्यास जन्मलेले, पुढे नॉर्वेत स्थायिक झालेले आमचे श्रेष्ठ अमूर्त चित्रकार अंबादास यांनीही त्याच खात्यात चाकरी केली. कापडाचा नमुना गिऱ्हाइकाच्या मनाप्रमाणे बदलण्यात त्यांचा काही अपमान नव्हता. ते काम त्यासाठीच होते. घरी गेल्यावर जो कॅनव्हास समोर उभा राही त्यास मात्र कोणी मालक नसे. नारिंगी पट्टी ओढण्यात पाप नाही; कारखान्याची पाटी, दिनदर्शिका, दालनाची सजावट यांचे काम प्रामाणिकपणे पाटीचे व सजावटीचे म्हणून घ्यावे, मनासारखी पट्टी ओढून द्यावी, आणि चोख पैसे घ्यावेत. चित्र म्हणून आणावयाचे आणि सजावट म्हणून ठेवून जावयाचे, यात मात्र दोन्ही बाजूंची फसवणूक आहे.

म्हणून आमचे मागणे मोठे नाही. प्रश्न विचारणाऱ्यास, मग तो टीकाकार असो, कारखानदार असो की आपला मामा असो, चित्रकाराने खरे उत्तर द्यावे. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणावे. टीका ऐकल्यावर तीत बांधणीविषयी, रंगाविषयी, कामाविषयी काही आहे काय ते पाहावे. असेल तर रझांप्रमाणे कामाला लागावे, नसेल तर विसरून जावे. काम घेण्यापूर्वी विसार, बाकी, मुदत, बदलाची मर्यादा आणि कॉपीराइट या गोष्टी एका कागदावर उतरवून दोघांच्या सह्या घ्याव्यात; त्यात “पुरे झालेल्या चित्रात बदल होणार नाही; न आवडल्यास चित्र परत, विसार परत” एवढी ओळ असली म्हणजे पुष्कळ भांडणे जन्मासच येणार नाहीत. आणि आमच्या वाचकांनी, ज्यांच्या घरी उद्या असे चित्र येणार आहे किंवा ज्यांचा मुलगा ते काढणार आहे त्यांनी, सोफ्याचा रंग काही काळ विसरून त्या चित्राला ख्यालाइतका वेळ द्यावा.

त्या कारखानदारांचा प्रश्न मात्र अनुत्तरित ठेवून थांबणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. आमचा तरुण मित्र पुढे एकदा भेटला तेव्हा आम्ही तोच प्रश्न त्यास पुन्हा केला. या वेळी तो हसला नाही. बराच वेळ विचार करून तो म्हणाला, “काही काढलं तर ढळतं आणि काही घातलं तर जड होतं, अशी वेळ येते. आठ-आठ दिवस नुसतं बघत बसावं लागतं. तशी वेळ न आलेले पाच कॅनव्हास घरी भिंतीकडे तोंड करून ठेवले आहेत.” आम्ही म्हणालो, “हेच त्यांना सांगावयाचे होते. ते पाच कॅनव्हास दाखवावयाचे होते. टूलरूममध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला बाद केलेला माल म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागत नाही.” तो काही बोलला नाही.

ते चित्र अजून त्या कचेरीत आहे. मध्यंतरी पुन्हा जाण्याचा योग आला तेव्हा आम्ही जवळ जाऊन पाहिले. नारिंगीच्या कडेला जुन्या राखीची एक बारीक रेघ उरलेली आहे. खालच्या उजव्या कोपऱ्यात, जेथे सही असावयाची, तेथे सही नाही.